वाचून दाखवणारं नको

“अक्षर बारीक आहे,” सर म्हणाले आणि ते यंत्र त्यांनी टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं.

“हो सर, मी म्हटलंच होतं. सहा इंची आहे. दोन कॉलमचा पेपर असला की अक्षर बारीक होतं आणि मोठं केलं तर ओळ पानाबाहेर जाते.”

“मग आणलंस कशाला?”

“बघावं म्हणून. डोळ्यांना त्रास होत नाही त्याचा. कागदासारखं दिसतं.”

“कागदासारखं दिसायचं असेल तर कागद काय वाईट आहे?” सर म्हणाले. त्यांनी मान जराशी वळवली आणि नेहमीसारखं माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाले, “दुसरं बघ, संजीवनी. एकतीस मार्चच्या आत खरेदी व्हायला हवी, नाहीतर अनुदान परत जाईल. आणि यंत्र असं आण की पेपर नीट वाचता यावा. बाकी काही नको.”

सात वर्षांपूर्वीचा मार्च महिना. सांगलीतल्या एका कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र संशोधन केंद्रात मी पीएच.डी. करत होते. डॉ. विश्राम कडोलकर माझे गाईड. गवतांचा एवढा जाणकार माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता. बाहेरगावचे प्राध्यापक वाळलेलं गवत वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडे पाठवायचे. सर ते बोटांवर फिरवायचे, खोडाच्या पेरावरून अंगठा न्यायचे, पानाची कड ओठाला लावून बघायचे आणि नाव सांगायचे. आम्ही विद्यार्थी भारावून जायचो. भिंग लागत नाही या माणसाला, असं आम्ही एकमेकांना कौतुकानं सांगायचो.

केंद्राला त्या वर्षी ‘संशोधनपर लेख वाचण्यासाठी एक उपकरण’ एवढ्याच एका ओळीची मंजुरी मिळाली होती. ते कोणतं घ्यायचं हे सरांनी माझ्यावर सोपवलं. मला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण दिवाळीपासून त्यांच्याकडे पडून होतं. दोन वेळा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि तीस एप्रिलला माझी नोंदणी कायमची संपणार होती. आठ वर्षं मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. जूनमध्ये कायम जागेची जाहिरात निघणार होती आणि तिथे निदान ‘प्रबंध सादर केला आहे’ एवढं तरी लिहिता यायला हवं होतं. दर आठवड्याला मी विचारायची, “सर, चौथं प्रकरण?” आणि सर म्हणायचे, “वाचतोय.”

दुसरं यंत्र मी संगणक विभागातून मागून आणलं. मोठा, चकचकीत टॅब्लेट. रंग सुंदर, आकृत्या स्वच्छ. देताना मी म्हटलं, “एवढंच आहे सर, की काच चमकते. खिडकीपाशी बसलं की आपलंच तोंड दिसतं.” दोन दिवसांनी तो परत आला. “काच चमकते,” सर म्हणाले.

तिसरं होतं दहा इंची. तेही कागदासारखं दिसणारं, पण अख्खं पान मावेल एवढं, वर पेननं समासात लिहिता येणारं. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ते परदेशातून आणलं होतं. चार दिवसांसाठी म्हणून त्यांच्या हातापाया पडून मी मागून घेतलं. मी त्याच्यावर माझं चौथं प्रकरण चढवलं. म्हटलं, निदान यंत्र तपासायच्या निमित्तानं तरी वाचतील. आणि या वेळी दोष काही सांगितला नाही, कारण मला दोष सापडला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ते मी सरांच्या हातात दिलं. उजव्या कडेला बोट लावलं की पान उलटतं, एवढं दाखवलं. शनिवारी दुपारी गेले तर सर खिडकीपाशी खुर्चीत बसून वाचत होते. मला फार बरं वाटलं. दर मिनिटाभरानं त्यांचं बोट उजव्या कडेवर जात होतं.

“कुठवर आलं सर?”

“दुसऱ्या भागात आहे.”

“ठीक वाटतंय ना?”

“बरा लिहिलायस. थोडा पसरट आहे. बस, एवढं पान संपवतो.”

मी बसले नाही. त्यांच्या पाठीमागच्या कपाटातून नमुन्याचा एक पुठ्ठा काढायचा होता, म्हणून मी खुर्चीमागून गेले. जाता जाता सहज खाली बघितलं. पडद्यावर माझं प्रकरण नव्हतं. पडद्यावर एका रिकाम्या बॅटरीचं चित्र होतं आणि खाली चार्जरच्या वायरचं. यंत्र केव्हाच बंद पडलं होतं.

सरांनी बोट उचललं आणि पान उलटलं.

मी पुठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिले. सरांनी आणखी एकदा पान उलटलं, ‘हं’ असं म्हणाले. मग मला एकदम आठवलं. अक्षर बारीक आहे, काच चमकते. दोन्ही यंत्रांचे दोष आधी मीच सांगितले होते. सरांनी ते मला फक्त परत केले होते.

मी आवाज न करता बाहेर व्हरांड्यात आले. दस्तगीरचाचा सुकलेली गवतं पुठ्ठ्यांवर चिकटवत बसले होते. प्रयोगशाळेतले परिचर. सरांबरोबर तीस वर्षं डोंगर चढलेला माणूस.

“चाचा,” मी म्हटलं, “सरांच्या हातातलं यंत्र बंद पडलंय.”

चाचांनी वर बघितलं नाही. “चार्जर माझ्यापाशीच हाय. लावतो.”

“ते वाचतायत अजून.”

चाचांचा ब्रश थांबला. त्यांनी डिंकाच्या डबीचं झाकण लावलं, हात पुसले, आणि आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“दोन वर्सं. तवापास्नं चिठ्ठ्या मीच वाचून सांगतो. कुठनं आणलं, कवा तोडलं. बाकी त्यांच्या बोटाला कळतंय.”

“डॉक्टर?”

“मिरजेला झालं, पुण्याला झालं. हुईत नाही म्हनले.” मग हळू आवाजात म्हणाले, “म्याडम, रिटायर व्हायला चौदा म्हैने ऱ्हायल्यात. तेवढं जाऊं द्या. त्या मान्साचं नाव हाय.”

घरी जाताना बसस्टॉपवर मी दोन बस सोडल्या. प्राचार्यांकडे जावं, तर सरांचं गाईडपद जाणार. दुसरा गाईड द्यायचा तर समितीची बैठक जुलैत. तोवर माझी नोंदणी संपलेली. गप्प बसावं, तर प्रकरण कधीच वाचून होणार नाही, कारण ते वाचणारं कुणी नाहीच. सगळ्या बाजूंनी एकच दार होतं आणि त्या दारात डोळे गेलेला एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर राग आला. दिवाळीपासून ‘वाचतोय’ म्हणून मला झुलवलं होतं.

सोमवारी मी सरळ विषय काढला, पण आडून.

“सर, चौथं एक यंत्र आहे. ते वाचून दाखवतं. इंग्रजी पेपर घातला की बाईच्या आवाजात वाचतं.”

सरांनी मान दाराकडे वळवली.

“वाचून दाखवणारं नको,” ते म्हणाले.

“का सर?”

“बाहेर ऐकू जातं.”

“कानात घालून ऐकता येतं.”

“प्राध्यापक कानात बोळे घालून बसलाय आणि समोर कागद नाही. तू आत आलीस तर काय विचारशील?” मग जरा थांबून म्हणाले, “कधी कळलं तुला?”

“शनिवारी. यंत्र बंद होतं.”

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

“मधलंच गेलंय,” ते म्हणाले. “कडा दिसतात. तुझे कान दिसतात, दार दिसतं, झाड दिसतं. जिथे बघावं तेवढंच नेमकं पुसलेलं. माझ्याकडे बघून हसलीस की रडलीस, मला कळत नाही. मला वाटलं, नवी नवी यंत्रं निघालीत, एखाद्यात दिसेल. अक्षराच्या पाठीमागून उजेड येतो म्हणतात, रंग उलटे करता येतात म्हणतात. म्हणून मागवलं. म्हणून निवडायला तुला सांगितलं. तू तपासून आणशील, हे माहीत होतं.”

मी दहा इंची यंत्र उचलून जवळ घेतलं.

“दहा इंची घेऊन टाक,” ते म्हणाले. “तेच चांगलं आहे ना?”

“हो सर.”

“केंद्राला उपयोग होईल. आणि तुझं ते प्रमाणपत्र आण. सही करतो. तुला आणखी अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.”

इथे मी चूक केली. चूक म्हणायची की काय, ते मला आजही ठरवता येत नाही. मी हो म्हणाले असते तर त्या दिवशी चार वाजता मोकळी झाले असते. पण त्या चौथ्या प्रकरणात माझं सगळ्यात मोठं काम होतं. पाटणच्या पलीकडे एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, मला एक बुटकं गवत सापडलं होतं. त्याच्या जवळच्या सगळ्या भावंडांना दाण्याच्या टोकाला लांब कुसळ असतं, याला नव्हतं. नवी जात म्हणून मी तिचं वर्णन केलं होतं आणि तिला सरांचं नाव दिलं होतं. ते नाव सरांनी ऐकावं, असं मला फार वाटत होतं. आठ वर्षांत त्यांनी मला ‘बरं आहे’च्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं.

“न वाचता नको, सर,” मी म्हटलं. “मी वाचून दाखवते.”

मार्चअखेरीला मी खरेदीचे कागद तयार केले. ‘हेच का निवडले’ या रकान्यात ‘सर्वांत सुस्पष्ट अक्षर’ असं लिहिलं. यंत्र आलं, सरांच्या टेबलावर राहिलं. दुपारी तास संपले की मी जायची, दार लोटून घ्यायची आणि त्याच यंत्रावरून त्यांना माझा प्रबंध वाचून दाखवायची. बाहेर चाचा बसलेले असायचे. कुणी आलंच तर “सर काम करतायत” म्हणून परतवायचे.

अकरा दुपारी वाचलं. मी कधी कुणाचं एवढं लक्ष अनुभवलं नव्हतं. सर डोळे मिटून बसायचे. पन्नास पानांपूर्वीचं वाक्य त्यांना आठवायचं. “तिसऱ्या प्रकरणात ही जात तू ओढ्याकाठची म्हणालीस, इथे माळावरची म्हणतेस, कोणती खरी?” मी घाम पुसत खुणा करायची. माणसाला दिसत नाही हे मी विसरून गेले. ते दिवस चांगले होते, हेही सांगायला हवं.

एकोणीस एप्रिलला चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या भागाशी आलो. मी नाव वाचलं. मग मुद्दाम थांबले.

सरांनी डोळे उघडले. “माझं नाव?”

“हो सर.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “पुढे वाच,” म्हणाले.

मी वर्णन वाचायला लागले. उंची इतकी, पानं अशी, कणीस असं. “वरच्या तुसाचं टोक दुभंगलेलं, कुसळ नाही...”

“परत वाच.”

“वरच्या तुसाचं टोक दुभंगलेलं, कुसळ नाही.”

“टोक दुभंगलेलं आहे?”

“हो. भिंगाखाली स्वच्छ दिसतं. दोन पाकळ्यांसारखं.”

“आणि कुसळ नाही म्हणतेस. मग ते दुभंगलंय कशाला? या गवतांत कुसळ त्याच बेचक्यातून निघतं. कुसळ नसतं तर टोक सलग असतं. कधी तोडलंस?”

“दोन वर्षांपूर्वी, एकोणतीस ऑक्टोबरला.”

“ऑक्टोबर संपता संपता. तोवर वाऱ्यानं सगळी कुसळं झडलेली असतात. आणि बुटकं म्हणतेस, तर गुरं चरून गेली असतील.” त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. “ही नवी जात नाही, संजीवनी. जुनीच आहे. सप्टेंबरात जाऊन बघ, कुसळासकट मिळेल.”

“सर, तीस नमुने तपासलेत मी. एकालाही नाही.”

“एकाच दिवशी तोडलेले तीस.”

“सप्टेंबरपर्यंत मला थांबता येत नाही, सर. अकरा दिवस आहेत.”

“मग ते प्रकरण काढून टाक.”

“प्रबंधात उरतं काय मग? नवं काय उरतं?”

“उरेल ते उरेल. यावर मी सही करणार नाही. आणि माझं नाव लावून तर नाहीच.”

बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा होता, पण वारा लागत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस न वाचता सही द्यायला तयार होता. मीच ‘वाचते’ म्हणाले होते. मी स्वतःच आत शिरून स्वतःच कडी लावली होती. आणि मला वाटलं, याला दिसत नाही, मी भिंगाखाली बघितलंय, आणि हा मला सांगतो काय आहे आणि काय नाही!

“सर,” मी म्हटलं. “तुम्ही सही केली नाहीत तर मला प्राचार्यांकडे जावं लागेल. गाईड बदलून मागावा लागेल. खास बाब म्हणून मुदत मागावी लागेल.”

“जा.”

“ते कारण विचारतील.”

बाहेर चाचांच्या पुठ्ठ्यांची सळसळ चालली होती, ती थांबली.

“काय कारण सांगशील?” सरांनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती.

“प्रमाणपत्र आणलंयस?”

“हो.”

“दे.”

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. ‘सदर प्रबंध मी स्वतः वाचून तपासला असून...’ असं वर छापलेलं होतं. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, आणि विचारलं, “कुठे?”

मी बोट ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं कागदावर चाचपडत माझं बोट शोधलं, नखाला पेनाचं टोक टेकवलं आणि तिथून सही केली. सही पहिल्यासारखीच होती, रुबाबदार, खाली दोन रेघा असलेली. मी कागद उचलला तेव्हा माझ्या नखावर शाईचा ठिपका राहिला होता.

बाहेर आले तर चाचा उठून उभे होते. त्यांनी मला वाट दिली, एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

प्रबंध मुदतीत सादर झाला. जूनमध्ये मी अर्ज भरला. घरी पेढे आणले. कुणी अभिनंदन केलं की मी लगेच दुसरं काहीतरी बोलायची.

सप्टेंबरात मी सड्यावर गेले. जायचं काही कारण नव्हतं. प्रबंध परीक्षकांकडे होता आणि कुणीही मला काही विचारलं नव्हतं. घरी ‘नमुने आणायचेत’ म्हणून सांगितलं, पहाटेची एसटी धरली, गावापासून दोन तास चढले. वर धुकं होतं. जागा मला पाठ होती. मी गुडघ्यांवर बसले आणि पहिलंच रोप हातात घेतलं. कुसळ होतं. काळपट, पीळ दिलेलं, बोटाच्या पेराएवढं. दुसरं बघितलं, दहावं बघितलं. मग मोजायचं सोडून दिलं. भिंग लावून एकच बघितलं. बेचक्यातून निघालं होतं, सर म्हणाले होते तिथूनच.

दोन रोपं वर्तमानपत्रात घालून आणली आणि घरी कपाटावर ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सरांकडे जावं असं रोज वाटायचं. एकदा त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेही. पण तिथे जाऊन म्हणायचं काय? तुमचं खरं होतं, आणि मी तुमच्या आंधळेपणावर सही मिळवली? तेवढ्यात जाहिरातीच्या मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत जानेवारीत. तोवर व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, झाला तर पदवीसकट जाता येणार होतं. मी कपाटावर बघायचं बंद केलं.

व्हायवा चौदा डिसेंबरला ठेवला. बाहेरून डॉ. सावर्डेकर नावाच्या बाई आल्या होत्या. अध्यक्ष म्हणून प्राचार्य. पस्तीस-चाळीस माणसं असतील. सर पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांना घेऊन आलेले चाचा मागे दाराशी उभे होते.

मी बोलले. पडद्यावर चित्रं दाखवली. चौथ्या प्रकरणाशी आल्यावर मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. बाईंनी सात-आठ प्रश्न विचारले. कुसळाबद्दल एकही नाही. उलट म्हणाल्या, “नव्या जातीचं काम उत्तम आहे. आणि ती गुरूंच्या नावानं केली, हे विशेष.” टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. झालं, सुटले, असं वाटायला हवं होतं. तसं काहीच वाटलं नाही. आता हे कायमचं झालं, एवढंच वाटलं. पुढे नोकरी, पुढे माझे विद्यार्थी, आणि खाली हे.

प्राचार्य म्हणाले, “रीतीप्रमाणे गाईडनी दोन शब्द बोलावेत आणि आपण संपवू.”

सर उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी एक हात ठेवला होता.

“मला अडीच वर्षांपासून वाचता येत नाही,” ते म्हणाले. “डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. मी हे कॉलेजपासून लपवलं. प्रमाणपत्रावर मी लिहून दिलंय की प्रबंध मी स्वतः वाचला. ते खोटं आहे. तो मला संजीवनी तोडकर यांनी अकरा दिवस वाचून दाखवला. माझं काय करायचं ते प्राचार्यांनी ठरवावं.”

प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

“ऐकताना मला एक शंका आली होती,” सर पुढे म्हणाले. “चौथ्या प्रकरणाबद्दल. ती मी त्यांना त्याच वेळी सांगितली. तिचं उत्तर माझ्याकडे नाही, मी सड्यावर जाऊ शकत नाही. उत्तर त्या देतील.”

आणि ते बसले.

धमकीबद्दल अवाक्षर नाही. माझ्या हातात त्यांच्याविरुद्ध जे काही होतं, ते त्यांनी भर सभेत स्वतःच टाकून दिलं होतं. आता मी काय वाटेल ते म्हणू शकत होते. ‘शंका तपासली, निराधार निघाली’ एवढं म्हटलं असतं तर बाईंनी मान डोलावली असती. डोळे गेलेल्या माणसाचा शब्द आणि भिंगातून बघणारीचा शब्द, लोकांनी माझाच धरला असता. सर माझ्या दिशेला तोंड करून बसले होते. ते जिथे बघत होते तिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

“कुसळ आहे,” मी म्हटलं.

“मोठ्यानं बोला,” बाई म्हणाल्या.

“कुसळ आहे. मी सप्टेंबरात जाऊन बघितलं. माझे नमुने कुसळ झडल्यानंतरचे होते. ही नवी जात नाही. सरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि सही त्यांनी...” मी प्राचार्यांकडे वळले. “सही त्यांनी खुशीनं केली नव्हती.”

त्यापुढचं थोडक्यात सांगते. व्हायवा तहकूब झाला. प्रबंध दुरुस्तीला परत आला. चौथं प्रकरण गेलं. सरांचं गाईडपद त्याच आठवड्यात काढून घेतलं आणि दुरुस्ती दुसऱ्या गाईडकडे झाली. मला पदवी मिळायला आणखी दीड वर्ष लागलं. जानेवारीची मुलाखत हुकली, ती जागा दुसऱ्याला मिळाली. मी आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या कॉलेजात आहे. सरांनी निवृत्तीपर्यंतचे राहिलेले महिने रजेवर काढले. त्यांच्याकडे गवतं मात्र अजून येतात. चाचा चिठ्ठ्या वाचतात, उघड्या दारानं, मोठ्या आवाजात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सभागृह रिकामं झालं. चाचा रिक्षा बघायला खाली गेले होते. सर खुर्चीतच होते. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांना कळलं.

“सगळे गेले?”

“हो सर.”

“बाई काय म्हणाल्या शेवटी?”

“काही नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.”

ते उठले. त्यांनी हात पुढे केला आणि माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आम्ही जिन्यापर्यंत आलो.

“सर,” मी म्हटलं, “मी तुम्हाला धमकी दिली होती.”

“हो. दिली होतीस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. “ते मी विसरणार नाही. चल. पायरी सांग.”

मी पायरी सांगितली.